वळणापासून दारापर्यंत

“उघडा बसवा,” सून म्हणाली.

मिस्त्रीने सासूकडे पाहिलं आणि सासूने सुनेकडे. अकरा वर्षांत या बाईने घरातल्या पडद्याचा रंगसुद्धा ठरवला नव्हता. काही विचारलं की ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायची आणि मोकळी व्हायची. आज कुणी बोलावलं नसताना मागे लागून गॅरेजात आली, तेलकट स्टुलावर बसली आणि तिला कंठ फुटला.

गाडी मुलाची होती. पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल अशी स्पोर्ट्स कार. सासू तिला चपटं बेडूक म्हणायची. पण मुलाचा चाळिसावा वाढदिवस जवळ आला होता आणि त्याला इंजिनाला हवा पुरवणारा नवा इनटेक हवा होता. तो कामासाठी आठवडाभर परगावी गेला होता. आईची भेट आईनेच निवडावी, असं फोनवर म्हणाला होता. सासू त्यावर खूश होती. एकटीच्या जिवावर लाँड्री उभी केलेल्या बाईला हवेची एक नळी निवडता येणार नाही की काय?

मिस्त्रीने दोन्ही इनटेक टेबलावर मांडले होते. एक बंद डब्यातला. तो पुढून थंड हवा घेतो, गाडीचा जोर वाढवतो आणि फारसा आवाज करत नाही. दुसरा उघडा, नुसता शंकूसारखा फिल्टर. तो इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढतो. मिस्त्रीने स्पष्ट सांगितलं, उन्हात याने जोर उलट घटेल, वर नुसती बोंब. मावशी, बंदच घ्या. मी तुझी मावशी कधी झाले, असं सासूने विचारलं खरं, पण माणूस सरळ बोलतो म्हणून तिला तो पटला.

जोर घटला तरी चालेल, असं सून म्हणाली. आवाज किती लांबून येतो? खिडक्या लावलेल्या असल्या तर?

घरात काय चालतं ते सासूला माहीत होतं. वरच्या मजल्यावर काही आपटलं की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. मुलगा तापट आहे पण मनाने लोणी आहे, असं ती चारचौघांत सांगायची. चारचौघांनी विचारलेलं नसायचं. आणि सुनेला सांगायची की नवरा सांभाळायला अक्कल लागते, मी नाही का संसार केला.

तसाच उघडा फिल्टर बसवलेली एक गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती. ती जरा त्या लांबच्या वळणापलीकडे नेऊन परत आणाल का, असं सुनेने विचारलं. मिस्त्रीला हसू आलं, पण तो गेला. सून मागच्या बाथरूममध्ये शिरली. दार लावून घेतलं आणि नळ पूर्ण सोडला. घरून निघताना उरकता आलं नाही का, असं सासू बाहेरून ओरडली. मग वळणावरून घरघर आली, वाढत गेली आणि दारात येऊन थांबली.

सून बाहेर आली. तिचे हात कोरडे होते.

“सत्तर,” ती म्हणाली. “सत्तर आकडे मोजून झाले.”

सासूने तिला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. हा काय तमाशा लावलायस, परक्या माणसासमोर शोभतं का, असं दबक्या आवाजात झापलं. सुनेने मान वर केली.

“आपलंही वळण एवढंच लांब आहे, आई. आत्ताची गाडी दारात येऊन थांबेपर्यंत कळत नाही. पोरीला शेजारच्या काकूंकडे पोचायला साठ आकडे लागतात. आम्ही मोजून बघितलंय.”

सासूच्या डोळ्यांसमोर नातीचे बूट आले. सात वर्षांची नात हल्ली संध्याकाळ झाली की घरात बूट घालून बसायची. फरशी घाण होते म्हणून सासू तिला रोज रागवायची. ते बूट काढायला लावायची. कालही लावले होते.

मिस्त्रीने तोवर बंद डबा हातात घेतला होता. शहाणं माणूस काय निवडणार ते त्याला ठाऊक होतं.

“उघडा बसव,” सासू म्हणाली.

मिस्त्री चाचरला. गाडी तुमच्या मुलाला चांगली कळते, म्हणाला. पहिल्याच दिवशी जोर घटलेला लक्षात येईल आणि आईच्या गळ्यात भलतंच मारलं म्हणून माझ्यावर उखडतील.

“सांग त्याला, म्हातारीला यातलं काही कळत नाही. मी समजावलं, तिने ऐकलं नाही.”

असं वाक्य तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्रीने मुकाट्याने बंद डबा खोक्यात घातला, उघडा फिल्टर उचलला आणि गाडीचं बॉनेट वर केलं. सासू सुनेशेजारच्या स्टुलावर टेकली. पान्याची करकर सुरू झाली. मग इंजिनावरची नजर न काढता ती हळू आवाजात म्हणाली,

“तुझे सासरे सायकलवरून यायचे. मला कधी ऐकूच आलं नाही.”