दोनचा भोंगा

कारखान्याचा दोनचा भोंगा वाजला आणि तेजरामचा अंगठा त्याला न विचारताच डाव्या तळहातावर फिरू लागला. तळहात रिकामा होता. तंबाखू सोडून आज चौथा दिवस, त्यात सुटीचा.

"कावून हात चोळून राहिले?" चुलीपाशी बसलेल्या गयाबाईने विचारलं.

"मी नाई वं, हातच चोळून राहिला. भोंगा झाला का पाळी सुटते, अन् भट्टीच्या बांधकामावर साऱ्या गँगचा तंबाखूचा बार भरायचा टाइम."

दवाखान्यातल्या दीनानाथ कंपाउंडरनी त्याला बजावून ठेवलं होतं. "तलफ तोंडाला नाही, डोक्याला येते. भोंगा वाजला की तंबाखू मिळणार, हे त्याने पाठ केलंय. त्याच्याशी भांडत बसू नका. पाणी प्या, काहीतरी चावा, चार पावलं चाला. दहा मिनिटांत ती आपली आपण उतरते." दहाच मिनिटं! सांगायला कंपाउंडरचं काय जातंय?

गयाबाईने भाजलेला जवस त्याच्या मुठीत घातला. त्याने तो चावला, तांब्याभर पाणी प्याला, लांब श्वास घेऊन पाहिला. अंगठा काही ऐकेना. आणि हे सगळं सोसायचं ते नलूसाठी. दहा महिन्यांची त्याची लेक. उचलून घेतली की त्याच्या तोंडाच्या वासाने नाक मुरडायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. तेजरामला ते फार लागायचं. पोरीला आपण आवडतच नाही, असं त्याने धरूनच टाकलं होतं.

एवढ्यात त्याचं पुढच्या दाराकडे लक्ष गेलं. हातातली वाटी टाकून नलू केव्हाच रांगत तिथे पोचली होती. चौकट धरून उभी, डोळे रस्त्यावर. बाप मागे खाटेवर बसलाय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"हे काय करून राहिली वं?"

"रोजचंच आहे तिचं. भोंगा वाजला का तुमची वाट पाहाते. तुमी डूटीवर राहाता, तुमाले कसं दिसन?"

तेजरामने मुठीतला उरलेला जवस खिशात टाकला. तो उठला आणि चप्पलही न घालता मागच्या दाराने बाहेर पडला.

"टपरीवर गेले तं याद राखा!" गयाबाई मागून ओरडली.

घराला वळसा घालायचा तर टपरी वाटेतच. तिथे शेजारचा भैयालाल तंबाखू मळत बसला होता. "ये गा तेजराम, तयारच आहे!" वास नाकात शिरला, तोंडाला पाणी सुटलं.

"टाइम नाई गा! पोरगी वाट पाहून राहिली," म्हणत तेजराम पळतच सुटला.

तो पुढच्या दारात आला मात्र, नलू खिदळली आणि चौकट सोडून तिने दोन्ही हात वर केले. त्याने तिला झेललं. तिने नाक त्याच्या तोंडाशी नेलं आणि हुंगलं. तेजराम श्वास धरून उभा. नाक मुरडलं गेलं नाही. दाढीचे खुंट टोचत होते तरी तिने गाल त्याच्या गालाला टेकवला. आनंदाने त्या धटिंगणाला काय करावं ते सुचेना.

"झाले का दहा मिनिटं?" गयाबाईने हसत विचारलं.

तेजरामने अंगठ्याकडे पाहिलं. तो नलूच्या मुठीत होता.