उत्तर न देणारे गृहस्थ

दवाखान्याची चौकशीची चॅट रोज दुपारी तुंबायची. खोदून पाहता पाहता प्रोग्रामर बाईला कारण सापडलं. कुणी एक गृहस्थ सकाळी चॅट उघडत आणि पुढे अक्षरही टाइप करत नसत. प्रोग्राममधले थ्रेड, म्हणजे एका वेळी एकाच माणसाकडे बघणारे जणू कारकून, मोजकेच. त्यातला एक त्यांच्या उत्तरासाठी दिवसभर हातावर हात ठेवून बसे, आणि मागे रोग्यांची रांग लागे.

तिने मुदत घातली. उत्तर आलं नाही की कनेक्शन बंद. रांग सुटली, साहेब खूश झाले.

दोन-चार दिवसांत त्या गृहस्थांचीच तक्रार आली. तिने फोन लावला.

"आजोबा, तुम्ही काही लिहीत तर नाही. मग चॅट उघडी कशाला ठेवता?"

"घरी कुणी नसतं गं. तिथं लिहून येतं, 'आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.' बरं वाटतं वाचायला."

"मग एखादं उत्तर द्यायचं की!"

"दिलं की ती ओळ जाते ना, पोरी."

तिने फोन ठेवला. तिने प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. सगळ्यांची वाट एकाच थ्रेडने पाहायची, ज्याचं उत्तर येईल तेवढंच बाकीच्या थ्रेडकडे सोपवायचं. आता कुणी कितीही गप्प बसलं तरी कुणाचं अडणार नव्हतं. मुदत तिने काढून टाकली.

संध्याकाळी कुलूप काढून ती घरात आली, आणि चपलाही न काढता तिने तीच चॅट उघडली. काहीही न लिहिता ती ओळ वाचत बसून राहिली.