एक घर जाणार

नगरपालिकेच्या व्हरांड्यात लावलेला नकाशा वाचायचं काम शिंपीणबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"हे बघा, हा वर चौक," त्यांनी मापाच्या टेपनेच दाखवलं. "हा आपला बोळ. हे बाजूला मैदान. आणि ही लाल फुली बोळाच्या खालच्या टोकाला, म्हणजे नाल्याकडे. तिथे कोण? आपला कुलूपवाला!"

बोळातली जमलेली माणसं एकदम हसली. कुलूपवाला त्या टोकाच्या बंगल्याचा मालक. बारा वर्षांत फिरकला नव्हता. त्याच्या ओट्यावर मांजरांचा संसार होता.

नकाशावर नावं नव्हती, नुसते आकडे होते. मागे उभ्या असलेल्या साखळीकाकांनी चष्मा पुसला, मान जराशी वाकडी करून नकाशाच्या कडा न्याहाळल्या आणि चष्मा खिशात टाकला. मोजणी खात्यात तीस वर्षं त्यांनी उन्हातान्हात साखळी ओढली होती. नाव त्यावरूनच पडलेलं.

"काय काका, बरोबर ना?"

"फुली एकाच घरावर आहे, एवढं खरं," काका म्हणाले.

भानगड सरळ होती. चौकापासून नाल्यापर्यंत मोठा रस्ता करायचा होता. एक तर तो मैदानातून जाणार, आणि मग मैदानाचं खुल्या जागेचं आरक्षण उठून उरलेल्या पट्ट्यांवर दुकानं येणार. नाहीतर आहे त्या बोळाचाच रस्ता करायचा. बोळ तसा ऐसपैस होता. गाड्यांना वळता यावं म्हणून टोकाचं एक घर तेवढं काढावं लागणार होतं. काय हवं ते लोकांनी महिन्याभरात लेखी कळवायचं.

"बोळातल्या एकूण एक राहत्या घराची सही आणा," कारकुनाने सांगितलं. "एक जरी कमी पडली तरी साहेब मैदानावरच रेघ मारतील."

काकांनी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. मैदान जसंच्या तसं ठेवावं, फुली केलेलं घर काढावं. मग पेन खिशाला लावून ते दारोदार निघाले.

मैदान म्हणजे काही बाग नव्हे. चार झाडं, दोन बाकं, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली माती. पण काकूंचा शेवटचा काळ तिथेच गेला. गुडघे चालेनात तरी संध्याकाळ झाली की काकांच्या आधाराने त्या बाकावर जाऊन बसत आणि अंधार पडेपर्यंत बायकांचं हसणं बोळात ऐकू येई. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. बाकाच्या डाव्या टोकाला अजून कोणी बसत नाही. तसं कोणी ठरवलेलं नाही.

सह्या भराभर झाल्या. अडला तो इस्त्रीवाला.

"काका, मैदान मलाही हवंय. पण दुसऱ्याचं घर पाडा म्हणून सही करायची? हात नाही होत. त्या मालकाला विचारलं का कोणी?"

"मी विचारलं."

"मग?"

"आधी अडून बसला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा. मग म्हणाला, घ्या."

कपडे न्यायला आलेल्या शिंपीणबाईंना हसू आवरेना. "ऐका! बारा वर्षं कुलपाला तेल घातलं नाही आणि आता पुळका! अहो, खुशाल नांगर फिरवा त्या घरावर. मी नारळ फोडते!"

"घर म्हटल्यावर जीव अडकतोच, बाई," काका म्हणाले.

"पण राजी आहे ना तो? मनापासून?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"मनापासून. लिहून दिलंय त्याने."

इस्त्रीवाल्याने हात पुसले आणि सही केली.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, खोली वर्षभर रिकामी ठेवलीय. येताय कधी?"

"मैदानाचं एकदा मिटू दे. मग आलोच."

"दर वेळी नवं कारण!"

काका हसले. फोन ठेवून त्यांनी मोठी पातेली काढली आणि शिंपीणबाईंकडे नेऊन दिली. एकट्या माणसाला काय करायचीत, म्हणाले. शिंपीणबाईंनी नको नको म्हणत ती लगेच फळीवर चढवली.

सुनावणीला अख्खा बोळ लोटला. काका इस्त्रीचा सदरा घालून शिंपीणबाईंच्या शेजारी मागच्या रांगेत बसले. अधिकारीबाईंनी सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मान वर केली.

"एकही घर सुटलेलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहतेय. मैदानाचं आरक्षण कायम. रस्ता बोळातून."

टाळ्या थांबेनात. इस्त्रीवाल्याने चक्क शिट्टी मारली. शिंपीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. "काकू असत्या तर आज नाचल्या असत्या," त्या पुढे वाकून इस्त्रीवाल्याला म्हणाल्या.

"एक राहिलं," अधिकारीबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "जाणाऱ्या घराच्या मालकाचं संमतीपत्र मिळालंय, पण सही माझ्यासमोर व्हावी लागते. चौकाकडून पहिलं घर. मालकांनी पुढे यावं."

"नाल्याकडचं, बाई! चौकाकडचं नव्हे!" शिंपीणबाई हसत ओरडल्या. "तिथे तर आमचे काका राहतात!"

"चौकाकडचंच. तुम्ही नकाशा उलटा वाचलात."

"काहीतरीच! काका, तुम्ही मोजणीतले ना, सांगा बरं यांना," म्हणत शिंपीणबाई शेजारी वळल्या. खुर्ची रिकामी होती. काका टेबलाशी पोचून, खाली वाकून, सावकाश सही करत होते.