गाठ शाबूत आहे

"गाठीला हात लावायचा नाही, मॅडम," हेडक्लार्क म्हणाले आणि यंत्रासमोर हात पसरून उभे राहिले.

गाठ लाल फितीची होती. इस्पितळात आलेल्या नव्याकोऱ्या यंत्राला ती तीन आठवड्यांपूर्वी बांधलेली. कापायची कात्री हेडक्लार्कांच्या टेबलावर तबकात पडून होती. कापणार साहेब, म्हणजे इस्पितळाचे अध्यक्ष. साहेबांनी तीनदा तारीख दिली आणि तीनदा 'तब्येत जरा नरम आहे' म्हणून पुढे ढकलली. पितळी पाटीसुद्धा तयार होती. 'अध्यक्षांच्या शुभहस्ते उद्घाटन' एवढं कोरून झालं होतं, तारखेची जागा कोरी होती.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात एक बाटली होती. कुणाच्या तरी मानेतून सकाळीच काढलेल्या गाठीचा तुकडा तिच्यात तरंगत होता. महिन्याभरात वाटाण्याचं लिंबू झालं, इतकंच सोबतच्या कागदावर लिहिलेलं. एवढ्या वेगाने वाढते म्हटल्यावर आक्रमक लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरची शंका, आणि तो आजार कुणाच्या तारखांसाठी थांबत नाही. नवं यंत्र पेशींना रंगीत खुणा करून एकेकीला लेझरपुढून पळवतं आणि त्याच दिवशी सांगतं, कोणती टोळी माजलीय. अट एकच, पेशी जिवंत हव्यात. बाटलीतल्या पेशी फार तर उद्यापर्यंत जगणार होत्या.

"जुन्या पद्धतीने करा की," हेडक्लार्क म्हणाले. "इतकी वर्षं चाललंच ना?"

चाललं होतं खरं. बाईंच्या थोरल्या बहिणीचा रिपोर्ट याच जुन्या पद्धतीने एकविसाव्या दिवशी आला होता. बहीण अठराव्या दिवशी गेली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! त्या रिपोर्टवर सही बाईंचीच होती. आठ वर्षं झाली, पण त्या सहीची त्यांना अजून लाज वाटे.

"आणि पेशंट हातचा गेला तर?"

"मॅडम, पेशंट रोज येतात. साहेब एकदाच येणार आहेत."

हेडक्लार्क जेवायला गेले. त्यांचं जेवण चांगलं दीड तास चालायचं. बाईंनी तोवर तुकडा कुस्करून, गाळून, खुणा लावून तयार ठेवला होता. त्यांनी फीत दोन बोटांनी अलगद वर सरकवली, यंत्राचं झाकण उघडलं, काम उरकलं आणि फीत पुन्हा खाली ओढली. गाठ सुटली नाही. संध्याकाळपर्यंत आकडे वाचून झाले. शंका खरी होती. पण औषध लगेच सुरू झालं तर माणूस वाचायची चांगली आशा होती. बाईंना बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

आता घोडं अडलं नावाशी. बाटलीवर नुसता आकडा होता, सात. मोठ्या माणसांच्या आजारांचा बोभाटा नको, म्हणून साहेबांनीच तसं परिपत्रक काढलेलं. सात नंबर कोण, त्याचा सर्जन कोण, सगळं मोहोरबंद पाकिटात. पाकीट हेडक्लार्कांच्या कपाटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रिपोर्ट त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पाकीट उघडा."

हेडक्लार्कांनी रिपोर्ट वाचला. त्यांचे कान लाल झाले. "यंत्र चालवलंत?"

"चालवलं."

"मग हा रिपोर्टच नव्हे. उद्घाटन न झालेल्या यंत्राचा रिपोर्ट असूच शकत नाही. आणि पाकीट साहेबांच्या परवानगीशिवाय उघडत नाही."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि बाईंच्या निलंबनाचा मसुदा लिहायला घेतला. 'साहेबांचा हेतुपुरस्सर अवमान' हे शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केले.

"नोकरी घ्या हवी तर," बाई म्हणाल्या. "पण पाकीट उघडा हो. बाहेर एका माणसाचे दिवस फुकट चाललेत."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचे पी.ए. होते. त्यांचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या खुर्चीवर बाईंनाही स्पष्ट ऐकू येत होता.

"साहेबांच्या गाठीचं काय झालं?"

हेडक्लार्क ताडकन उभे राहिले. साहेबांकडचा फोन ते कधी बसून घेत नसत. त्यांनी बाईंकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि वेळ निभावून नेली.

"शाबूत आहे, अगदी जशीच्या तशी. तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून राखलीय. कुणाला हात लावू दिलेला नाही."



"अहो, फितीची नव्हे," पी.ए. म्हणाले. "मानेतली. काल बाटलीतून पाठवली ती. सात नंबर."

हेडक्लार्क बसले. अर्धवट मसुदा त्यांनी हळूच ड्रॉवरमध्ये सारला आणि रिसीव्हर बाईंपुढे धरला. बाईंनी निदान सांगितलं, साहेबांना आजच्या आज दाखल करा म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

"मॅडम," हेडक्लार्कांनी घसा खाकरला, "आता उद्घाटनाचं कसं करायचं?"

बाईंनी रिपोर्ट उचलला.

"पाटीवर कालची तारीख कोरून घ्या," त्या म्हणाल्या. "साहेब काल आले होते. तुम्हीच त्यांना यंत्रापुढे अडवलंत."