मिठाचा दगड

धोंडीबाने बाटलीचं बूच दातांनी उपसलं आणि आतलं निम्मं पाणी मेंढरं कोंडायच्या वाडग्यातल्या दगडावर ओतलं. काळा, पसरट दगड. दर अमावास्येला त्यावर मीठ टाकायचं आणि मेंढरांनी ते चाटायचं, ही त्याच्या आज्यापासूनची रीत. आज मिठाच्या जागी पाणी पडलेलं बघून कासाबाई चुलीपासून उठूनच आली.

“आवं, औषध हाय का काय ते? मरतील ना मेंढरं!”

“समिंदर हाय,” धोंडीबा म्हणाला.

बाजेवर बसलेले आबासाहेब हसले. ते पिंगळीहून कळप बघायला आले होते. बघून झाला होता, पसंतही पडला होता. आता धोंडीबाने होय म्हणायचंच काय ते बाकी होतं.

“समिंदर मागनं दाव, धोंडीबा. पयले इरादा सांग. मेंढरं द्यायची का न्हाई?”

 धोंडीबा कालच पोराकडून परतला होता. आश्रुबा दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामावर म्हणून दक्षिणेत गेला आणि तिकडेच कॉफीच्या मळ्यावर मुकादम झाला. त्याचं म्हणणं एकच होतं, मेंढरं विका आणि दोघंही इकडे राहायला या. ‘तुमी बघून तर या,’ असं म्हणून कासाबाईनेच नवऱ्याला गाडीत बसवून दिलं होतं. दोन वर्षं झाली, तिने पोराचं तोंड बघितलं नव्हतं.

“कालधरनं ईचारायलेय,” ती म्हणाली. “सांगा की. कसं हाय तिकडं?”

धोंडीबा सांगायला लागला, पण कुठून धरावं ते त्याला उमजेना. सूर्य बघून चालणारा माणूस. उभ्या आयुष्यात वाट चुकला नव्हता. तिकडे डोंगरात मोटार एवढी वळली की सूर्य घडीत उजव्या खांद्यावर, घडीत डाव्या. पोराच्या त्या गावात खालच्या घराचं छप्पर वरच्या घराच्या अंगणाला लागलेलं. कॉफीची झाडं म्हणे उन्हाला भितात, म्हणून त्यांच्यावर उंच झाडांची सावली धरलेली. त्या सावलीत धोंडीबा सकाळी परसाकडला गेला, तो दुपार झाली तरी पोराची खोली सापडेना. शेवटी मळ्यातल्या दोन बायांनी हाताला धरून आणून सोडला.

आबासाहेब खो खो हसले. कासाबाई हसली नाही.

“गवत हाय का?”

“हाय की. कमरंइतकं.”

“मंग मेंढरं लय असतील.”

“एक न्हाई.”

“कामून?”

“पोराला म्या बी तेच ईचारलं. म्हणला, बा, हितल्या ओलीनं खुरं कुजतेत.” धोंडीबाने कपाळावर हात फिरवला. “गवत हाय तिथं मेंढरू न्हाई. मेंढरू हाय तिथं गवत न्हाई. हे कुनी मांडलं आसं? मला कायच कळंना, कासे.”

कासाबाईने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि पाहुण्यापुढे कप ठेवला. आश्रुबाने पाठवलेली कॉफीची भुकटी तिने शेळीच्या दुधात उकळली होती. आबासाहेबांनी एक घोट घेतला आणि कप लांब धरला.

“काय बाई हे? जळकी भाकर उकळली का काय?”

“माज्या पोराच्या मळ्यातलं हाय ते,” कासाबाई म्हणाली.

आबासाहेबांनी कप खाली ठेवला नाही. डोळे मिटून सगळा संपवला.

“आन् ह्यो समिंदर?” तिने नवऱ्याला विचारलं.

“डोंगर उतरून नेलं पोरानं. पानीच पानी. आपल्या माळावर उभं ऱ्हाऊन नजर टाकावी, तेवढं सगळं पानी. म्या म्हणलं, सुटलो! आनू कळप हितंच. ओंजळ भरून तोंडात घेतली.” तो थांबला. “मीठ! आपन बाजारातून पुडीपुडीनं आनतो, ते तिथं नुसतं वाहायलंय. आन् चाटायला कुनीच न्हाई. म्हून भरली बाटली. मला न्हाई कळलं, मेंढराला तरी कळंल.”

बोलता बोलता दगड वाळला होता. कडेने बारीक पांढरी रेघ उमटली होती. कळपातली म्हातारी मेंढी चांदी पुढे आली. तिने दगड हुंगला, मान वर करून धोंडीबाकडे बघितलं आणि चाटायला लागली. मग बाकीच्या घुसल्या. धोंडीबाने उरलेलं पाणीही ओतून टाकलं. गावाहून आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू दिसलं.

“बघ, कळलं तिला!”

आबासाहेबांनी पटका सारखा केला. “मंग काय, धोंडीबा? मोटारीचा टाइम व्हायलाय माजा.”

धोंडीबाने कासाबाईकडे बघितलं. तिला काय हवं आहे ते त्याला ठाऊक होतं. ती म्हणेल तसं करायचं, एवढंच त्याने येताना गाडीत ठरवलं होतं.

कासाबाई मेंढरांकडे बघत होती. मेंढ्या एकमेकींच्या माना ढकलत होत्या. पाणी केव्हाच संपलं होतं, तरी चांदीची जीभ थांबत नव्हती.

“मास्तराकडून पोराला कागद लिहून घ्या,” ती म्हणाली.

“काय लिवायचं? येतो म्हून, का न्हाई येत म्हून?”

तिने त्याच्या हातातली बाटली घेतली आणि तळहातावर उलटी धरली. एक थेंब पडला. तिने तो चाटला, आणि बाटलीला बूच लावून ती कनवटीला खोवली.

“लिवा, पानी सरलं म्हनावं. मेंढरं वाट बघायलेत. दुसरी बाटली तूच भरून घिऊन ये.”