खोलीत दुसरं कोणी नाही

२०२४ सालचा सप्टेंबर. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत, जिप्समची भिंत घालून एका खोलीच्या केलेल्या दोन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीत विष्णू मोहिते टेबल रिकामं करत होता. रात्रपाळी करून तो सकाळी आला होता आणि अंघोळ करूनही डोळ्यांतली लाली गेली नव्हती.

"खाटेखालचीसुद्धा जमीन दाखवायची म्हणे," उर्मिला पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाली. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी कधी एवढी झडती घेतली नाही."

"घ्यायला हवी होती."

"काय सापडलं असतं हो? सॉक्स."

तो हसला नाही. शारजाजवळच्या हमरियातली त्याची कंपनी वर्षअखेर गाशा गुंडाळणार होती. टाक्या आणि छपरं ड्रोनने तपासणाऱ्यांपैकी एकालाच पोर्तुगालच्या शाखेत घेणार होते. तिथे माणसांच्या जवळून ड्रोन उडवायचा तर युरोपच्या नियमांप्रमाणे मधल्या पायरीचं सर्टिफिकेट लागतं. खालच्या पायरीचं त्याने मिळवलं होतं. हे मिळालं नाही, तर तिघांनी सामान बांधायचं आणि मुलीने, तनयाने, शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडायचं.

मागच्या महिन्यात याच ऑनलाइन परीक्षेत तो नापास झाला नव्हता, त्याला उठवलं होतं. खटाव तालुक्यातल्या शाळेत त्याच्या पिढीने पाढे ओरडून पाठ केलेले. ते डोक्यात नव्हते, जिभेवर होते. गणित आलं की ओठ हलत. कॅमेऱ्यातून बघणाऱ्या परीक्षक बाईंनी दोनदा विचारलं, कुणाशी बोलताय? तिसऱ्यांदा परीक्षाच बंद केली. कुणाशी, ते विष्णूला इंग्रजीत सांगता आलं नव्हतं.

तोंडात पाणी धरून बसायची युक्ती उर्मिलाची.

त्याच फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत राहणारा वली दारातून डोकावला. रत्नागिरीकडचा, बोलताना आवाज कधी खाली न येणारा माणूस. आज कुजबुजत म्हणाला, "यल्ला, चला विष्णूभाऊ. आज घरात कुकरसुद्धा शिट्टी मारणार नाय."

दार लागलं. विष्णूने लॅपटॉप उचलून सावकाश फिरवला. पलंग, कपाट, पडदा, मग वाकून पलंगाखालची जमीन.

"सर, खोलीत दुसरं कोणी नाही ना?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नो मॅडम. ओन्ली मी."

"ग्लास टेबलावर नको. खिडकीत ठेवा."

त्याने मोठा घोट घेतला, ग्लास खिडकीत ठेवला आणि गाल फुगवून बसला.

प्रश्न येत गेले. हवेचे, बॅटरीचे, गर्दीपासून किती लांब राहायचं त्याचे. ओठ मिटलेले राहिले. बाहेरच्या खोलीत उर्मिला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तनया समोर, मांडीवर फोन उलटा ठेवून. वॉशिंग मशीन बंद होतं. पंखासुद्धा.

"सर, आर यू ऑलराइट? प्लीज आन्सर मी."

विष्णूने मान हलवली.

"सर, तोंडाने सांगा."

भिंतीपलीकडे उर्मिलाने डोळे मिटले. विष्णूला पाणी गिळावं लागलं.

"येस मॅडम. ऑलराइट."

ग्लास खिडकीत होता आणि उठायला बंदी होती. पुढचा प्रश्न वाऱ्याचा आला. वेग सेकंदाला बारा मीटर, तर तासाला किती किलोमीटर? छत्तीस गुणिले बारा करायचं आणि मग टिंब द्यायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. पण बारा सकसारखं पाढ्यातलं मधलंच घर त्याला कधी सुटं येत नसे. पहिल्यापासून म्हणावं लागे. त्याने दात जिभेवर रोवले. झोपेने डोकं जड झालं होतं.

मग उर्मिलाच्या पाठीला काहीतरी जाणवलं. फार हलकं. अनवाणी टाचेचा ठोका. पुन्हा एक. एका लयीत सहा ठोके, आणि थांबले.

तिने वळून भिंतीला तळवा लावला. ठोके पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. कितीचा पाढा ते तिला कळलं नाही. पण घरं कळत होती. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक.

"मम्मा," तनया अगदी हळू म्हणाली, "नाउ युअर लिप्स आर मूव्हिंग."

"मला कोण बघतंय?" उर्मिला म्हणाली आणि पाढा पुढे चालू ठेवला.

विष्णूने दार उघडलं. चौकटीला टेकून उभा राहिला, खिडकीतला ग्लास त्याच्या हातात होता. तो त्याने पूर्ण प्यायला.

"झालो," तो म्हणाला. "पास."

वलीने जाऊन कुकर चढवला.

सामान मात्र तिघांनीही बांधलं. विष्णू डिसेंबरात एकटाच पोर्तुगालला गेला. तनया शेवटचं वर्ष हॉस्टेलवर राहून पास झाली, आता अबू धाबीत नोकरी करते आणि बारा सक किती ते फोनला विचारते. वली अल ऐनला शाळेची बस चालवतो. मुलं गोंगाट करतात ते त्याला आवडतं म्हणे. उर्मिला कराडला सासूबाईंजवळ परत आली.

विष्णू ड्यूटीवरून खोलीवर आला की फोन लावतो. बोलायला फार काही नसतं. जेवण, वारा, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. मग कधीतरी उर्मिला विचारते,

"खोलीत दुसरं कोणी नाही ना?"

तो उठतो. फोन सावकाश फिरवतो. पलंग, कपाट, पडदा. मग वाकून पलंगाखालची जमीनसुद्धा दाखवतो.