चढलेला सूर

स्टेजवरच्या दिव्यांखाली बासरी तापते आणि तिचा सूर किंचित चढतो. बांबूला सूर जुळवायच्या खुंट्या नसतात, म्हणून शर्वाणी फुंक आत वळवून सूर खाली ओढते. या रॉक बँडमध्ये ती वर्षानुवर्षं तेच करत आली होती. आता जबडा दुखायचा.

साउंड चेकला गिटारवाला ओरडला, "ताई, बासरी परत चढली! राहू दे, कीबोर्डवरच काढू बासरीचा आवाज." सगळे हसले.

गिटारच्या खुंट्या पिळता येतात, कीबोर्डचा सूर बटणाने सरकतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने बासरी ओठांना लावली आणि या वेळी फुंक न वळवता सूर दिला.

"हा माझा सा. आज तुम्ही तुमची वाद्यं याच्याशी जुळवून घ्यायची," ती म्हणाली, "नाहीतर यापुढे कीबोर्डवरच काढा."